खांब नव्हे, खुंट

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे मागाहून गोंधळ नको. मी खांब नाही. मी एक जुना खुंट आहे. खांबाच्या डोक्यावर छप्पर असतं, तो ओझं पेलतो. खुंटाच्या डोक्यावर आभाळ असतं, तो ओढ सोसतो. मधल्या काळात एका माणसाने मला जबरदस्तीने खांब करून टाकलं होतं. ती हकीकत सांगायलाच मी तोंड उघडलं आहे. घाई असेल तर खुशाल जा. पण बसलात तर शेवटपर्यंत बसा, कारण अर्ध्यात उठून जाणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

माझी सुरुवात एका लाकडाच्या वखारीत झाली. सुताराने मला करवत लावली आणि करवतीचे दात गेले. तो वैतागला. "हे लाकूड नाठाळ आहे," तो म्हणाला. "अंगात गाठीच गाठी. याचं ना दार होणार, ना पलंग. जाळायला द्या कुणाला तरी." तेवढ्यात दोर वळणारे एक म्हातारे बाबा तिथे आले. त्यांनी मला बोटांनी ठोकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "मला नाठाळच पाहिजे. शहाणं लाकूड ओढ बसली की लगेच वाकतं." त्या दिवसापासून नाठाळ या शब्दाचा मला राग येत नाही. उलट कुणी म्हटलं तर बरं वाटतं.

बाबांनी मला आपल्या जागेच्या अगदी टोकाला, रस्त्याच्या बाजूला पुरलं. जेवढा वर, तेवढाच खाली. कंबरेच्या उंचीवर एक लोखंडी आकडा ठोकला. त्यांची जागा रुंदीला अगदी कमी, पण लांबीला भरपूर. घरात तिला सगळे 'पट्टी' म्हणत. पट्टीच्या एका टोकाला घर आणि घराच्या ओट्याजवळ पीळ घालायचं चाक. दुसऱ्या टोकाला मी. चाकापासून माझ्यापर्यंत वाखाचे, म्हणजे घायपाताच्या तंतूंचे, पेड ताणायचे, चाक फिरवायचं, पीळ भरायचा आणि तीन पेड एकत्र वळून दोर करायचा. मग तो माझ्या अंगाभोवती घेऊन सगळ्यांनी मिळून ओढायचा. माझ्या अंगावर ज्या खोल खाचा दिसतात ना, त्या त्या ओढीच्या आहेत. त्या मी दागिन्यांसारख्या मिरवतो.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पट्टी जेवढी लांब, तेवढाच दोर लांब होतो. आणि मोठ्या कामाच्या दोराला मध्ये जोड चालत नाही. नदीवर नाव ओढायचा दोर असेल आणि मधला जोड सुटला, तर नाव कुठे जाईल आणि आतली माणसं कुठे जातील, याचा विचार करा. म्हणून आमच्या घरी पट्टीला जीव की प्राण मानत. कुणी तिच्यात चूल मांडली नाही, भाजी लावली नाही, झाडसुद्धा लावलं नाही.

बाबांनी आणखी एक पद्धत घालून दिली होती. दोर वळताना एका पेडाच्या पोटात एक रंगीत सूत घालायचं. बाहेरून ते दिसत नाही, पीळ उकलला तरच दिसतं. आमच्या घरची खूण निळी. कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "उद्या दोर तुटला, तर तो कुणाच्या तोंडावर फेकायचा हे गिऱ्हाइकाला कळायला नको का?" पण आमचा दोर तुटल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

बाबांनंतर त्यांचा मोठा मुलगा चाकावर आला. त्याचं लग्न झालं आणि वहिनी घरात आल्या. साऱ्या गल्लीच्या त्या वहिनी, म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तळहाताला फोड आले. नवरा म्हणाला, "राहू दे, तुला नाही जमायचं." झालं! वहिनींनी हाताला फडकं बांधलं आणि त्या दिवशी दुप्पट दोर ओढला. ही बाई आपल्या जातकुळीतली आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

ते फार चांगले दिवस होते. नवरा चाकाशी, वहिनी माझ्याशी, आणि मध्ये ताणलेले पेड वाऱ्यावर गुणगुणायचे. वहिनी इकडून ओरडायच्या, "अहो, झोपलात काय? पीळ भरा!" तो तिकडून ओरडायचा, "चहाशिवाय चाक फिरत नाही!" त्यांची लेक मोठी झाली, तशी तीही मध्ये उभी राहून पेड सावरायला शिकली. नदीवरचा नावाडी स्वतः येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "अजून ताठ आहेस का रे नाठाळा?" याहून मोठा सत्कार मला नको होता.

मग वहिनींचा नवरा आजारी पडला आणि बघता बघता गेला. चाक थांबलं. माझ्या टोकाला गवत वाढलं. पाखरंसुद्धा माझ्या डोक्यावर निवांत बसू लागली, त्याची मला लाज वाटायची.

एके दिवशी लेकीने चाकावरचं फडकं काढलं. बसली आणि फिरवायला लागली. वहिनी बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, मग त्यांनी वाख हातात घेतला. निळ्या सुताच्या रिळाकडे हात गेला आणि तिथेच थांबला. "हे त्यांचं होतं गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही घालवत."

"मग पिवळं घालू."

"पिवळंच का?"

"मला आवडतं म्हणून."

वहिनींना हसू आलं. नवरा गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. तेव्हापासून आमच्या दोराच्या पोटातलं सूत पिवळं झालं. नावाड्याने नवा दोर नेताना टोक उकलून पाहिलं आणि डोळे वटारले. "रंग बदललात, पीळ नाही ना बदललात?" वहिनी म्हणाल्या, "तुटला तर माझ्या तोंडावर आणून फेका." तो समाधानाने गेला.

सुरुवातीला त्या दोघींना लहान दोरच झेपायचे. घराजवळच एक खुंटी ठोकून त्या काम करायच्या. माझ्यापर्यंत यायची गरजच पडायची नाही. पट्टीचं रस्त्याकडचं टोक रिकामं दिसू लागलं. आणि रिकामी जागा, मित्रांनो, काही लोकांना लांबून वास येऊन कळते.

आमच्या गिऱ्हाइकांत एक खुर्चीवाला होता. कार्यक्रमांना खुर्च्या आणि तंबू भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. तंबूचे दोर तो आमच्याकडून न्यायचा. जीभ अशी गोड की ऐकतच राहावं. एकदा तो आला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या गोदामात पाणी शिरलंय हो. त्या टोकाला चार दिवस खुर्च्या ठेवू का?"

वहिनी म्हणाल्या, "ठेवा की. त्यात काय विचारायचं?"

तुम्ही म्हणाल, वहिनी भोळ्या. मुळीच नाही. पण दोर वळणाऱ्यांच्या घरी 'जागा नाही' हा शब्द नसतो. कारण ओला वाख वाळवायला त्यांना सगळ्या गल्लीची अंगणं लागतात. कुणाच्या कुंपणावर, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या दारात यांचा वाख पसरलेला. जन्मभर जो दुसऱ्यांकडे जागा मागतो, त्याला कुणी मागितल्यावर नाही म्हणवत नाही. चूक म्हणायची तर ती एवढीच, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती.

खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर ऊन नको म्हणून चार पत्रे आले. घराकडून लोखंडी नळ्यांवर टेकवलेले आणि रस्त्याकडून, काय सांगू तुम्हाला, माझ्या डोक्यावर! मी मनात म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, सोसू.

एका दुपारी वादळ उठलं. पत्रे उडू लागले. खुर्चीवाला रस्त्यावर नुसता नाचत होता. "अहो धरा कुणी! कुणाची मान कापली जाईल!" वहिनी आणि लेक भर पावसात धावत आल्या. नुकताच वळलेला दोर वहिनींनी खांद्यावरून आणला होता. लेकीने पत्रा दाबून धरला आणि वहिनींनी तो माझ्या मानेला आवळून बांधला, आपली नेहमीची खुंटगाठ मारून. दोघी चिंब भिजल्या. खुर्चीवाला म्हणाला, "वहिनी, उपकार विसरणार नाही." तो खरंच विसरला नाही. त्याने त्या उपकारावरच घर बांधायला घेतलं.

आधी मागची बाजू पत्र्याने बंद झाली. मग दोन्ही कडेच्या बाजू. मग पुढे दार, दाराला कुलूप, कुलपावर पाटी. मग एक रंगारी आला आणि त्याने दिसेल त्याला हिरवा रंग फासला. पत्र्याला, नळ्यांना, मला, माझ्या मानेच्या दोराला आणि त्याच्या गाठीलासुद्धा. माझ्या खाचा रंगाने बुजल्या. आत काळोख, खुर्च्यांच्या चळती आणि मी. आभाळ गेलं ते गेलंच.

अशात नावाडी आला. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंतचा मोठा दोर झिजला होता. नवा हवा, बिनजोडाचा, पूर्ण पट्टीभर लांब. वहिनींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं! लेकीचे हात आता तयार झाले होते. असा दोर जमला की मोठी कामं परत सुरू होणार होती, आणि घराचं नाव राहणार होतं. वहिनी तडक खुर्चीवाल्याकडे गेल्या. "आता खुर्च्या हलवा बरं का. पट्टी लागतेय."

खुर्चीवाला खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "कोणती पट्टी? ही जागा माझी आहे, वहिनी."

"तुमची? चार दिवसांसाठी मागितलीत ना?"

"चार दिवस कसले? तुमच्या मालकांनी ही मला कायमची दिली होती, तोंडी. त्यांच्या डोळ्यांदेखत मी छप्पर घातलं. माणूस गेला म्हणून काय त्याचा शब्दही जातो?"

वहिनी तशाच मागे फिरल्या. जागा लुबाडणारे जगात पुष्कळ आहेत. पण गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचे? जो आता उठून 'खोटं' म्हणू शकत नाही, त्याच्या? माझ्या अंगातल्या साऱ्या गाठी तडतडल्या. तेव्हा मला वाचा असती तर त्या खुर्चीवाल्याला मी सळो की पळो करून सोडलं असतं.

पोलीस चौकीत वहिनींना सांगितलं गेलं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मग त्या एका वयस्कर वकिलांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, मालकी तुमची, यात शंका नाही. पण आज ताबा त्याचा आहे. तो कोर्टामार्फतच काढायचा. तुम्ही हात लावलात, तर ज्याने जागा बळकावली तो फिर्यादी होईल आणि तुम्ही आरोपी. एवढं सांभाळा, बाकी मी बघतो."

हे वहिनींना पटलं. पण त्यांचे धाकटे दीर, ज्यांना त्या भाऊजी म्हणत आणि गल्ली फटाका म्हणे, त्यांना कुठलं पटायला! एका दुपारी खुर्चीवाला बाहेर गेलेला पाहून ते कुऱ्हाड घेऊन आले. मागचा पत्रा वाकवून आत शिरले आणि पहिला घाव घातला तो माझ्यावर! मी म्हटलं, अरे बाबा, मी तुझ्या बापाने पुरलेला खुंट!

आवाज ऐकून वहिनी धावत आल्या आणि माझ्या पुढे उभ्या राहिल्या. "भाऊजी, कुऱ्हाड खाली ठेवा."

"हा एक तोडला की सगळं छप्पर खाली येतं, वहिनी! दोन मिनिटांचं काम!"

"आणि मग? उद्या तो तुमच्यावर फिर्याद करणार, आपण चौकीत बसणार आणि तो इथे पक्क्या भिंती घालणार. आणि खुंट तोडून दोर कशाला बांधणार आपण, तुमच्या रागाला?"

भाऊजींची कुऱ्हाड खाली आली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "मग काय नुसतं बघत बसायचं?"

"बसायचं कशाला? काम करायचं," वहिनी म्हणाल्या.

आणि त्यांनी केलंही. दुसऱ्या दिवसापासून मायलेकींनी त्या शेडच्या पत्र्याला अगदी खेटून, पण आपल्या बाजूला, एक खुंटी ठोकली आणि चाकापासून तिथपर्यंत पेड ताणायला सुरुवात केली. होईल तेवढा लांब दोर करायचा, पण तो करायचा पत्र्याच्या तोंडावर. वाऱ्याने पेड हलले की पत्र्यावर आपटायचे. थाड, थाड, थाड. आत खुर्चीवाल्याचं डोकं उठायचं. "वहिनी, किती तो आवाज!" तो ओरडायचा. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "आमच्या जागेत आमचं काम चाललंय. त्रास होत असेल तर जागा बदला." आत अंधारात मला इतकं हसू यायचं की माझ्या अंगावरच्या रंगाला तडे जातील की काय असं वाटायचं.

इकडे वकिलांनी नोटीस पाठवली, मग दावा लावला. न्यायाधीशांनी पहिला हुकूम दिला तो असा, की निकाल लागेपर्यंत जागेवर जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. कुणी काही पाडायचं नाही, बांधायचं नाही, हलवायचं नाही. भाऊजी घरी येऊन चरफडले. "म्हणजे चोराचंच फावलं की!" वहिनीही जरा खट्टू झाल्या. पण मी मात्र आत उभा राहून आनंदाने फुललो. कारण जे कुणाच्या लक्षात नव्हतं ते मला ठाऊक होतं. खुर्चीवाला म्हणतो छप्पर नवऱ्याच्या डोळ्यांदेखत घातलं. आणि छपराला बांधलेल्या दोराच्या पोटात पिवळं सूत आहे, जे नवरा गेल्यावर मायलेकी घालायला लागल्या! तो दोर आता कुणाला हलवता येणार नव्हता.

पण सांगू कसा? वहिनी कधी कधी पत्र्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. मी मनातल्या मनात घसा फोडून ओरडायचो, वहिनी, माझ्या मानेला काय बांधलंय ते आठवा! तुम्हीच बांधलंय! पण त्यांच्या लेखी ती एक मदत होती, केली आणि विसरल्या. आणि दोर तर हिरव्या रंगाखाली गडप.

तारखा पडत राहिल्या. वहिनी कोर्टाच्या व्हरांड्यात वाखाची पिशवी घेऊन बसायच्या आणि बोटांनी सूत वळायच्या. शिपाई म्हणाला, "बाई, इथे कचरा नको." त्या म्हणाल्या, "एक तंतू सांडला तर दाखवा." नावाडी मध्येच निरोप पाठवायचा: जुना दोर जेमतेम हा हंगाम काढेल, मग मला दुसरीकडे जावं लागेल, राग मानू नका.

त्या काळात माझीही परीक्षा झाली. छपराचं सगळं पाणी माझ्याच पायाशी पडायचं. माझी मुळाकडची बाजू कुजायला लागली. जरा तोल गेला असता तरी मी कोसळलो असतो, आणि माझ्याबरोबर ते छप्परही. खरं सांगतो, फार मोह व्हायचा. त्याच्या खुर्च्यांचा चुराडा झालेला बघायची मजा काही वेगळीच असती! पण मी पडलो की दोर तुटणार, गाठ जाणार, आणि खुर्चीवाला तो उकिरड्यावर फेकून मोकळा होणार. म्हणून मी दातओठ खाऊन उभा राहिलो. शत्रूचं छप्पर डोक्यावर घेऊन ताठ उभं राहणं काय असतं, हे खांबांना काय कळणार? त्यांची ती नोकरीच असते.

शेवटी न्यायाधीशांनी जागा पाहायला एक कमिशनर नेमली. तरुण वकीलबाई होती. टेप आणि कॅमेरा घेऊन आली. दोन्हीकडचे वकील, वहिनी, लेक आणि भाऊजी, सगळे शेडमध्ये जमले. खुर्चीवाल्याच्या अंगात तर वारं भरलं होतं. तो प्रत्येक गोष्ट हात लावून दाखवत होता. माझ्यापाशी येऊन त्याने माझ्या मानेवर थाप मारली.

"आणि हा बघा खांब! यांच्या मालकांनी छप्पर बांधताना स्वतः हात लावला. ही गाठ त्यांच्या हातची आहे. तेव्हापासून ना दोर बदलला, ना गाठ सोडली. रंगसुद्धा वरून तसाच दिलाय, अखंड आहे की नाही?"

कमिशनरबाईने रंग निरखून पाहिला. "अखंड आहे. मग हे असंच लिहू? दोर आणि गाठ मूळचीच, मालकांच्या हयातीतली?"

"लिहा की! बिनधास्त लिहा!"

तिने लिहिलं आणि त्याने ऐटीत सही केली.

वहिनी गाठीकडे टक लावून बघत होत्या. 'त्यांच्या हातची' हे ऐकून त्यांचे डोळे भरले होते. त्या पुढे आल्या. बोटांनी गाठ चाचपली. आणि एकदम त्यांची बोटं थांबली. "ही त्यांची गाठ नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ते शेवटचा वेढा उजवीकडून घ्यायचे, मी डावीकडून. ही माझी आहे."

लेक किंचाळलीच. "आई! वादळातला दोर! आपण भिजलो होतो तो!"

"बाई," वहिनी कमिशनरला म्हणाल्या, "या दोराचा एक पेड उकलून बघाल का?"

खुर्चीवाल्याचा वकील मध्ये पडला. "जसं आहे तसं ठेवायचा हुकूम आहे! गाठीला हात लावता येणार नाही!"

"गाठीला नाही लावत," कमिशनरबाई म्हणाली. "टोक लोंबतंय, तेवढं सगळ्यांसमोर बघते." तिने गाठीखाली लोंबणारं टोक धरलं आणि उलटा पीळ दिला. हिरवा रंग तडकला. पेड सुटे झाले. आणि मधोमध दिसलं ते पिवळं सूत, हळदीइतकं पिवळं, जसंच्या तसं.

"याचा अर्थ काय?" तिने विचारलं.

वहिनींनी निळ्याची गोष्ट सांगितली, मग पिवळ्याची. कमिशनरबाईने फोटो काढले. "लिहून घेते. खरं-खोटं न्यायाधीश ठरवतील." खुर्चीवाला तेवढ्यात म्हणाला, "म्हणजे... दोर मी मध्ये एकदा बदलला असेल." ती म्हणाली, "तेही लिहिते. आणि आत्ताच तुम्ही सही करून काय सांगितलंत, तेही आहेच." भाऊजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी कुजक्या पायावर हललो.

पुढचं कोर्टातलं मी पाहिलेलं नाही, पण वहिनींनी पत्र्याला टेकून लेकीला सांगितलं ते सगळं ऐकलं. नावाड्याने आपले दोन दोर कोर्टात नेले. नवरा असतानाचा निळ्या सुताचा, आणि तो गेल्यानंतरचा पिवळ्या सुताचा. दोन्ही सगळ्यांसमोर उकलले. आणखी गिऱ्हाइकांनीही तेच सांगितलं. न्यायाधीशांनी निकाल दिला. जागा दिल्याची गोष्ट खोटी आहे. मदत म्हणून वापरायला दिलेली जागा कुणी कितीही दिवस धरून बसला, तरी त्याने ती त्याची होत नाही. शेड काढा आणि ताबा परत द्या.

खुर्चीवाल्याने शेड काढली का? छे! मुदत संपली तरी ढिम्म. मग कोर्टाचा बेलीफ हुकूम घेऊन आला, बरोबर पोलीस. सकाळची वेळ होती. सगळी गल्ली जमली. एकेक चळत बाहेर निघाली. भाऊजी त्यातलीच एक खुर्ची मांडून पट्टीच्या मधोमध पायावर पाय टाकून बसले. "बेलीफसाहेब, ही शेवटची न्या," म्हणाले. बेलीफही गालातल्या गालात हसला.

पत्रे उतरवायची वेळ आली तेव्हा एकाने दोर कापायला कोयता काढला. "कापू नका," वहिनी म्हणाल्या. "बांधला मी, सोडतेही मीच." रंगाने गाठ दगड झाली होती. पण वहिनींनी ती सोडली. पत्रा खाली गेला आणि माझ्या डोक्यावर ऊन पडलं. मित्रांनो, त्या क्षणाचं वर्णन मला जमणार नाही. मी नाठाळ लाकूड आहे, पण त्या वेळी अंगातल्या सगळ्या गाठी मऊ झाल्या.

खुर्चीवाला जाताना थांबला. चेहरा उतरला होता. "वहिनी, मला तरी दुसरी जागा कुठे होती?"

"मागितली असतीत तर अजून दिली असती," वहिनी म्हणाल्या. "जागेचं काही वाटलं नसतं. पण तुम्ही त्यांच्या तोंडी खोटं घातलंत." तो मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी चाकापासून माझ्यापर्यंत पेड ताणले गेले. भाऊजींनी माझा कुजका पाय पाहून मान हलवली. "वहिनी, याच्या जागी लोखंडी नळी रोवू. हा एवढी ओढ नाही सोसायचा."

"सोसेल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्या पायाशी दगड ठोकून घेतले, वर मुरूम दाबला. मग पिवळ्या सुताचं रीळ उचललं. आत गेल्या आणि निळं रीळही घेऊन आल्या. "त्यांच्या नावावर खोटं बोलला ना तो," त्या लेकीला म्हणाल्या. "आता त्यांचीही खूण राहू दे." त्या दोरात दोन सुतं गेली, शेजारी शेजारी.

मग ओढ बसली. सगळी गल्ली ओढत होती, नावाडीसुद्धा. माझ्या जुन्या खाचांतला हिरवा रंग सालीसारखा निघून पडला. पाय करकरला, कुऱ्हाडीचा घाव ठणकला, पण मी केसभरही वाकलो नाही. पट्टीभर लांब, बिनजोडाचा दोर तयार झाला. आज तो नदीवर दोन काठांच्या मध्ये आहे, आणि लोक त्याच्या भरवशावर पलीकडे जातात. तुम्हीही कधी गेला असाल.

माझं मागणं फार नाही, मित्रांनो. मला तेल नको, रंग तर मुळीच नको. आपली जी काही जागा असेल, तिच्या शेवटच्या टोकापर्यंत अधूनमधून चालत जात जा. कुणी घुसलं तर कुऱ्हाड उचलू नका, पण गप्पही बसू नका. आणि आपल्या जुन्या खुंटांना विसरू नका, त्यांना बरंच काही माहीत असतं.

कालच पलीकडच्या काकू आल्या होत्या. घरात रंगकाम निघालंय म्हणून सामान दोन दिवस पट्टीत ठेवायचं होतं. मी कान टवकारले. वहिनी पूर्वीसारख्याच म्हणाल्या, "ठेवा की. त्यात काय विचारायचं?" मग माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाल्या, "पण त्या खुंटाला काही बांधायचं नाही हं. तो फक्त दोराचा आहे."